वरच्या खाचराचे दोनशे किलो

सोमवार, १३ जून १९६६

शाळा उघडली. पटावर बावीस, हजर नऊ. बाकीचे आईबापांबरोबर शेतावर. मासवणहून चालत येणाऱ्या पोस्टमनने दुपारी एक जाड पाकीट दिले. आत परिपत्रक, रंगीत तक्ता आणि एक छापील वही. यंदा चौथीच्या मुलांना ‘कृषिसंशोधनाची उद्दिष्टे व लाभ’ हा विषय शिकवायचा आहे. उद्दिष्टे सात, लाभ नऊ. शिवाय प्रात्यक्षिक. तायचुंग नावाचे बुटक्या भाताचे नवे बियाणे आणि गावचे बियाणे शेजारी-शेजारी लावायचे, मुलांनी निरीक्षणे नोंदवायची, ऑक्टोबरात मोठे साहेब पाहायला येणार.

सबंध तालुक्यातून पाच शाळा निवडल्या आहेत आणि त्यांत चिंचपाड्याची ही एकशिक्षकी शाळा आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटला. विस्तार अधिकारी एकनाथराव म्हणाले होते की तुमची शाळा जीपच्या रस्त्याला लागून आहे म्हणून निवडली. ते विनोदाने म्हणाले असावेत.

मी नांदेडकडचा, ज्वारीच्या मुलखातला. नोकरीसाठी इकडे येईपर्यंत उभे भात पाहिलेही नव्हते. पण परिपत्रक सविस्तर आहे.

शनिवार, १८ जून

जमिनीचा प्रश्न सुटला. चौथीतल्या ठकीचा बाप जिवल्या याची तीन खाचरे रस्त्याला लागून आहेत. एकाखाली एक, पायऱ्यांसारखी, प्रत्येकी पाच गुंठ्यांची. वरच्या खाचराचे पाणी मधल्यात आणि मधल्याचे खालच्यात उतरते. एकनाथरावांनी त्याला कचेरीत बोलावून समजावले.

संध्याकाळी तो शाळेत आला आणि दारातच उभा राहिला.

“गुर्जी, माझी खोलगट जमीन येवढीच हाय. बाकी सगळा माळ. या तीन खाचरांचं भात आमाला होळीपर्यंत जातं.”

मी म्हणालो, “म्हणून तर तुझी निवड केली. उत्पन्न दुपटीहून जास्त होणार आहे.”

“नाय झालं तर?”

परिपत्रकात ‘नाय झालं तर’ याबद्दल काही नाही, हे मी त्याला दाखवले. त्याला वाचता येत नाही, पण कागदाकडे त्याने बराच वेळ पाहिले. शेवटी वरची दोन खाचरे नव्या बियाण्याला आणि खालचे त्याच्या घरच्या बियाण्याला, असे ठरले. या लोकांत प्रगतीची हौस कमी.

गुरुवार, २३ जून

पहिला पाठ. फळ्यावर सात उद्दिष्टे लिहिली आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेतली. चिंधू ‘अवर्षणप्रतिकारक्षमता’ या शब्दावर अडला तो अडलाच. ठकीने हात वर केला.

“गुर्जी, संशोधन म्हंजे काय?”

मी सांगितले, आधी उद्दिष्टे पाठ कर, अर्थ पाचवीत येतो. मग लक्षात आले की इथे पाचवी नाही. म्हणून सोपे करून सांगितले. जे खरे काय ते ठाऊक नाही ते करून पाहायचे, दिसेल ते लिहायचे, म्हणजे संशोधन.

“मंग आपून करायचं ते संशोधन काय?”

“नाही. संशोधन मोठ्या लोकांनी करून ठेवले आहे. आपण त्याचा लाभ पाहायचा.”

“नाय दिसला तर?”

बापासारखीच आहे. खाली बसवली.

वहीच्या शेवटी नमुना म्हणून काही पाने भरूनच दिली आहेत. वरचे खाचर दोनशे किलो, मधले दोनशे किलो, खालचे देशी बियाण्याचे ऐंशी किलो. किती सोय केली आहे.

मंगळवार, १२ जुलै

आवणी झाली. रोपे लावण्याचे काम मुलांनी केले. मी बांधावरून मार्गदर्शन केले. जिवल्याची आई बुधी हिने माझ्याकडे पाहून सुनेला काहीतरी सांगितले आणि दोघी हसल्या. या लोकांना परक्या माणसाचा लळा लवकर लागतो.

गुरुवार, ४ ऑगस्ट

सल्फेट खताचे पोते आले. ते नव्या बियाण्याच्या दोन्ही खाचरांत सारखे टाकायचे होते. मी विचार केला, जीप येते ती वरच्या अंगाने. साहेबांच्या नजरेला पहिले पडेल ते वरचे खाचर. म्हणून पोते बहुतेक तिथेच रिकामे केले. मधल्या खाचराच्या वाट्याला दोन टोपली आली. वर्गातला सुका म्हणाला, “गुर्जी, मधल्याला कमी का?” मी सांगितले, आणखी पोते येणार आहे. ठकीने वहीत लिहून घेतले, ‘वर सगळं पोतं, मधी दोन टोपली.’ एवढे तपशील लिहायचे नसतात, पण शाईने लिहिले होते.

रविवार, १४ ऑगस्ट

बोईसरला जाऊन आलो. दमयंती आणि सुलू तिच्या भावाकडे, शिवाजीकडे राहतात. तो तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर फिटर आहे. शाळेच्या अर्ध्या खोलीत मी राहतो. तिथे बायकोमुलीला कुठे ठेवू? विहीर अर्ध्या मैलावर. सुलू पाच वर्षांची झाली. मला पाहून मामीच्या मागे लपली. मग बऱ्याच वेळाने जवळ आली आणि विचारले, “तुम्ही आज जाणार?”

दमयंतीला सांगितले, एकनाथरावांनी शब्द दिला आहे. बोईसरच्या शाळेत जागा होते आहे. प्रात्यक्षिक चांगले झाले की माझी बदली.

ती म्हणाली, “अहो, आपण तिघांनी एका घरात राहावं म्हणून भात उगवायला लागतं का?”

तिला सरकारी कामाची कल्पना नाही.

शुक्रवार, २६ ऑगस्ट

वरचे खाचर इतके हिरवे आहे की काळे दिसते. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. बुधी मात्र म्हणाली, “लय खाल्लंय त्यानं. आता पडंल दुखण्याला.”

मुलांनी बांबूच्या काठीवर खाचा पाडल्या आहेत. दर सोमवारी तिन्ही खाचरांत काठी उभी करून उंची मोजतात. चिंधू एकेका रोपाचे फुटवे मोजतो. सुकाने उंदरांची बिळे मोजली आहेत. यात बराच वेळ जातो आणि सात उद्दिष्टांपैकी चिंधूची अजून चारच होतात.

मंगळवार, ६ सप्टेंबर

वरच्या खाचरात पानांच्या कडा पिवळ्या पडत आहेत. ठकीने पाच पाने आणून टेबलावर ओळीने ठेवली. एक हिरवे, एक कडेने पिवळे, शेवटचे पांढरे, कागदासारखे.

“हे शुक्रवारचं. हे आजचं. करपा हाय, गुर्जी.”

मी तक्ता पाहिला. लाभ क्रमांक चार, लवकर पक्व होणे. मी वर्गाला सांगितले की भात लवकर पिकू लागले आहे. मग ठकी म्हणाली, “दाणा नाय भरला अजून. पिकंल कसं?”

तिला चौथा लाभ पाच वेळा लिहायला दिला.

शनिवार, १० सप्टेंबर

मधल्या खाचरात एका कोपऱ्याला पिवळे दिसले. वरचे पाणी तिथूनच आत येते. ठकी, सुका आणि चिंधू तिघेही सांगायला आले. “पाण्याच्या वाटंनं येतंय, गुर्जी. वरचं पाणी आडवूं?”

मी नाही म्हटले. परिपत्रकात पाणी अडवण्याचा उल्लेख नाही. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांनी ढवळाढवळ केली तर त्याला प्रात्यक्षिक कसे म्हणायचे?

सोमवार, १२ सप्टेंबर

काल रविवारी मी कपडे धूत असताना मुलांनी ढवळाढवळ केली. वरच्या आणि मधल्या खाचरामधला बांध उंच केला, बाजूने चर खणला आणि वरचे पाणी थेट ओढ्यात सोडले. जिवल्याही होता. त्याने पहार आणली होती. आज वर्गात विचारले तर एकूण एक मुले उभी राहिली. बावीस जणांना शिक्षा करायला छडी पुरत नाही. वहीत ठकीने लिहिले आहे, ‘रविवारी पाणी तोडलं. मधल्याचं आता बघायचं.’

एकनाथरावांना कळवलेले नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

वरचे खाचर पांढरे पडले. मधले सुधारले, कोपरा सोडून बाकी लोंब्या वाकल्या आहेत. खालचे जिवल्याचे भात उंच आणि नेहमीसारखे.

एकनाथराव आले. जीपमधून न उतरताच वरचे खाचर पाहिले. नंतर म्हणाले, “नागोराव, हे कापून टाका. मंडप इथंच घालू.”

मी विचारले, “साहेबांनी विचारलं तर?”

“लवकर पिकलं. लाभ क्रमांक चार.”

त्यांना सगळे नऊ लाभ पाठ आहेत. मला त्यांचे कौतुक वाटले. पण जेवण अर्धे टाकून उठलो. उन्हाचा त्रास असावा.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

वरचे खाचर कापले, झोडले. शाळेच्या काट्यावर तीस किलो भरले. बुधीने ते एका टोपल्यात भरले आणि एकटीने डोक्यावर घेतले. ती एका शब्दाने तक्रार करीत नाही. या लोकांच्या गरजा थोड्या.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

साहेब आले. मंडप, पताका, खुर्च्या, चहा. साहेबांची खुर्ची नेमकी वरच्या खाचरात. पायांखाली धसकटे होती, त्यांवर सतरंजी टाकली होती. समोर मधले खाचर सोन्यासारखे. साहेब खूष झाले. मुलांनी सात उद्दिष्टे एका सुरात म्हटली. चिंधूनेही सातही म्हटली, फक्त ओठांनी.

मग साहेबांनी ठकीला जवळ बोलावले. “बाळ, तुला या संशोधनात काय लाभ दिसला?”

ठकी म्हणाली, “मधल्यात दिसला. वरच्यात खत लय झालं, करपा आला. तुमी बसले तिथं. त्याचं पाणी आमी तोडलं म्हनून मधलं वाचलं. भात बुटकं, म्हनून पेंढा पन कमी पडला, घर शाकारायला नाय पुरायचा. पुढल्या साली थोडं थोडं खत घालून बघाया पायजे.”

एकनाथराव हसत पुढे झाले आणि म्हणाले, “साहेब, पोर इथल्या बोलीत बोलते. ती म्हणते आहे की लाभ दिसला, भरपूर खत घातलं, आणि पुढच्या साली आणखी घालायला हवं.” साहेबांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि एक पेन्सिल दिली. ठकी एकनाथरावांच्या तोंडाकडे बघतच राहिली.

साहेबांबरोबर भात संशोधन केंद्रातला पंढरी नावाचा एक तरुण सहायक आला होता. चेहऱ्यावरून हुशार वाटला, पण कसली शिस्त नाही. भाषणे चालू असताना हा विजार वर करून मधल्या खाचरात मुलांबरोबर बसला. ठकीची वही आणि काठीवरच्या खाचा आपल्या वहीत उतरवून घेत होता. चहासुद्धा चुकला बिचाऱ्याचा.

सोमवार, ३१ ऑक्टोबर

सगळी वजने झाली. वरचे तीस, मधले एकशे चाळीस, खालचे नव्वद. ठकीने वहीत लिहिले, खाली रेघ मारली आणि वही माझ्यापुढे ठेवली.

एकनाथरावांचा निरोप, अहवाल नमुन्याप्रमाणे भरून पाठवा.

दुपारभर लेखणी घेऊन बसलो. दोष बियाण्याचा नव्हता. खत मी टाकले होते. तेव्हा माझी चूक वगळून बियाण्याने जे दिले असते ते लिहिणे, हेच बियाण्याबद्दलचे खरे नव्हे काय? असा विचार केला की पटते. वरचे दोनशे, मधले दोनशे, खालचे ऐंशी. अक्षर सुंदर आले. जिवल्याच्या घरच्या बियाण्याचे दहा किलो कमी केले याचे तेवढे वाईट वाटले.

सोमवार, ५ डिसेंबर

पंढरीचे पत्र. ठकीच्या नावाने आहे. पाणी कोणत्या तारखेला तोडले, मधल्यात खत नेमके किती पडले, आणि ती काठी केंद्राला पाहायला मिळेल काय, असे विचारले आहे. सरकारी नोकराने चौथीतल्या मुलीला ‘आपण’ म्हणून लिहिले आहे. त्याच्या वरिष्ठांनी पाहिले तर काय म्हणतील? पत्र पेटीत ठेवले. ठकीला सांगितले नाही. उगाच डोक्यात हवा जायची.

सोमवार, ९ जानेवारी १९६७

बदलीचा हुकूम आला. एक फेब्रुवारीपासून बोईसर. दमयंतीला लगेच पत्र टाकले.

त्याच टपालाने आणखी एक परिपत्रक आले. चिंचपाड्याचा अहवाल आदर्श ठरला आहे. पुढच्या पावसाळ्यात पाड्यातल्या सगळ्या खोलगट जमिनीत तायचुंग लावायचे आणि खताची मात्रा ‘चिंचपाडा वरचे खाचर’ याप्रमाणे ठेवायची. जाण्यापूर्वी मी घरटी संमतीचे अंगठे घ्यायचे. छापील कागदावर शाळेचे नाव प्रथमच पाहिले. दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना पहिल्याइतका आनंद झाला नाही.

रविवार, १५ जानेवारी

अंगठ्यांसाठी पाड्यातली माणसे शाळेत जमवली. सत्तावीस घरे. शाईची गादी ठेवली. सगळ्यांनी जिवल्याला पुढे केले. त्याने अंगठा गादीवर टेकवला आणि तसाच थांबला.

“गुर्जी, तुमी सांगा. लावूं?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. हो म्हणायला तोंड उघडले. पण टाळण्यासाठी म्हणालो, “ठकीला विचार. तिने सगळं पाहिलंय.”

“तिला इचारलं. ती म्हनते, गुर्जींनी कागदावर काय लिवलंय ते आदी बगूं दे.”

ठकी पुढे आली आणि हात पुढे केला. अहवालाची नक्कल टेबलावरच होती. मी ती दिली. का दिली ते अजून सांगता येत नाही. तिने उभे राहून मोठ्याने वाचले, जोडाक्षरे एकही चुकली नाहीत. “वरचे खाचर, उत्पन्न दोनशे किलो.” तिथे थांबली. बोट ठेवून तीच ओळ पुन्हा वाचली, मनातल्या मनात.

बुधीने विचारले, “काय लिवलंय गो?”

“तिसाच्या जागी दोनशे लिवलंय.”

जिवल्याने अंगठा धोतराला पुसला. बराच वेळ पुसत होता. बुधी उठली, तिच्यामागून बाकीचे. ठकीने कागद टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून त्यावर दौत ठेवली, आणि मला म्हणाली, “दिसंल ते लिवायचं, तुमीच बोलले.”

ती रागावली असती तर बरे झाले असते.

मंगळवार, १७ जानेवारी

दोन दिवस शाळेत मन लागले नाही. आज वर्ग सुटल्यावर ठकीला पंढरीचे पत्र दिले. दीड महिना उशिरा का, हे तिने विचारले नाही. तिथेच बसून उत्तर लिहिले. मी फक्त शुद्धलेखन पाहिले, आणि खताच्या रकान्यात ‘पोते गुरुजींनी स्वतः वर ओतले’ हे वाक्य होते ते तसेच राहू दिले. काठी गोणपाटात शिवून टपालाने पाठवली.

मग कचेरीला पत्र लिहिले. अहवालातील आकडे चुकीचे आहेत. खरे आकडे तीस, एकशे चाळीस, नव्वद. जबाबदारी माझी. संमतीपत्रक कोरे परत पाठवीत आहे. अक्षर काही सुंदर आले नाही.

शनिवार, २८ जानेवारी

उत्तर आले. एकदा स्वीकारलेले उत्पन्न कमी करण्याची तरतूद नाही, वाढवायचे असल्यास विहित नमुन्यात अर्ज करावा. संमती नसल्याने योजना शेजारच्या गावी नेली आहे. त्या गावाला सावध करा म्हणून एक कार्ड पंढरीला लिहिले आणि एक तिथल्या गुरुजींना. कचेरीच्या उत्तराखाली आणखी एक ओळ होती. ‘प्रशासकीय कारणास्तव आपली बदली रद्द.’

दमयंतीला कसे कळवायचे?

सोमवार, ६ फेब्रुवारी

जिवल्याचे घर बंद. होळीपर्यंत जाणारे भात यंदाही होळीपर्यंत जाईल असे दिसते, पण शाकारायला पेंढा विकत घ्यावा लागणार, म्हणून सगळे कुटुंब तारापूरला खडी फोडायला गेले. ठकीही गेली. पटावर बावीस, हजर अकरा.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

दमयंतीचे पत्र, चार ओळींचे. ‘शिवाजीदादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला नोकरी वाचली हे पुष्कळ. सुलूला घेऊन पुढच्या महिन्यात तिकडेच येते. विहीर अर्धा मैल आहे ना? मग दोन घागरी घेऊन ठेवा.’

घागरी घ्यायला पालघरला जाऊन आलो.

मंगळवार, २० जून

यंदाचे परिपत्रक आले. कृषिसंशोधन वगळले आहे. यंदा कुक्कुटपालनाची उद्दिष्टे व लाभ, उद्दिष्टे आठ.

ठकीची चौथी झाली. मासवणच्या शाळेत पाठवायचे म्हणून जिवल्याच्या घरी गेलो. म्हणाला, आवणी झाली की बघू. दमयंतीने बुधीपाशी बसून तेच पुन्हा काढले. बुधी म्हणाली, “जाईल.” विषय संपला.

शुक्रवार, ७ जुलै

सकाळी पंढरी सायकलवर आला. केंद्रातून करप्याला टिकणारे एक बियाणे आणले होते, चार किलोची पिशवी. शेजारच्या गावाने माझे कार्ड वाचून खत निम्मे केले, हेही त्याने सांगितले. पिशवी माझ्या हातात न देता त्याने ठकीला दिली.

जिवल्याने मधल्या खाचरात तायचुंगच लावले आहे, स्वतःच्या हिशेबाने. वरचे खाचर ठकीकडे. तिने त्याचे चार भाग करायचे ठरवले. एकात काहीच नाही, एकात शेणखत, एकात सल्फेटची एक टोपली, एकात दोन. प्रत्येकाला वेगळा चर. मी बांधावर उभा होतो. उपयोगी पडेल असे मला काही सुचत नव्हते.

“गुर्जी, आत या,” ती म्हणाली. धोतर वर खोचले आणि उतरलो. चिखल गुडघ्यापर्यंत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सुलू बांधावरून टाळ्या वाजवीत होती.

ठकीने भाग आखायच्या दोरीचे एक टोक माझ्या हातात दिले आणि दुसरे घेऊन पलीकडच्या बांधाकडे गेली. तिथून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले.

“वाकडं धरलंय.”

मी सरळ केले.